लॉफ्टवरची टाकी सारखी ओव्हरफ्लो होते? गोळा तरंगतोय एवढ्यावर जाऊ नका

लक्षणं आधी. यातलं काही तुमच्याकडे होत असेल तर पुढचं वाचा.

- सोसायटीने पाणी सोडलं की तासाभराने खिडकीबाहेरच्या ओव्हरफ्लो पाइपातून धार लागते, आणि पाणी बंद झालं की तीही थांबते.
- खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे भिजतात आणि मग त्या वर येतात.
- टाकीत डोकावून पाहिलं तर गोळा व्यवस्थित पाण्यावर दिसतो.
- टाकी भरत आली की पाइपात थडथड थडथड आवाज येतो.
- प्लंबरने वॉशर बदलून दिला, आठ-पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होतो. निवृत्तीनंतर कोपरखैरण्यात आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधून माझ्याकडे जी कामं येतात, त्यात हे पहिल्या नंबरचं. बहुतेक घरांत वॉशर बदललेला असतो, कधी अख्खा बॉलकॉकही (गोळा वर आला की दांडीने वॉशर दाबून टाकीत येणारं पाणी बंद करणारा नळ) बदललेला असतो. गोळ्याकडे मात्र कोणी पाहिलेलं नसतं, कारण तो तरंगत असतो. तरंगणारा गोळा चांगला, असं सगळे धरून चालतात.

गोळ्याचं काम तरंगण्याचं नाही. दांडी वर ढकलून पाणी अडवण्याचं आहे. त्यासाठी तरंगून झाल्यावर त्याच्याकडे जोर शिल्लक लागतो.

हिशेब शाळेतलाच आहे. बुडलेला भाग जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल मिळतं. आर्किमिडीजने सांगितलं ते हेच. १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा पूर्ण बुडवला तर सुमारे ५२० घनसेंटिमीटर पाणी सरकतं, म्हणजे वर ढकलणारा जोर ५२० ग्रॅम. त्यातून गोळ्याचं स्वतःचं वजन ८० ग्रॅमच्या आसपास आणि पितळी दांडीचा त्याच्यावर येणारा भार ३५ ग्रॅम वजा करा. राहिले ४०५ ग्रॅम. धडधाकट गोळ्याची शिल्लक ती एवढीच. आणि गोळा एकदा पूर्ण बुडाला की पाणी आणखी कितीही चढू द्या, जोर एका ग्रॅमनेही वाढत नाही, कारण तो किती खोल आहे यावर काही अवलंबून नसतं. बुडूनही ज्याने पाणी अडवलं नाही, तो नंतरही अडवणार नाही. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत जाणारच.

आता तपासण्या. फुकटच्या आधी.

पाणी नक्की बॉलकॉकमधूनच येतंय का?

टाकीत येणाऱ्या लाइनवरचा कॉक पूर्ण बंद करा आणि अर्धा तास थांबा. ओव्हरफ्लो थांबला तर पुढे वाचा.

नाही थांबला तर गंमत वेगळीच आहे. बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचा थंड नळ गच्चीच्या टाकीच्या थेट लाइनवर असतो आणि गिझर लॉफ्टच्या टाकीवर. शॉवरच्या मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून कोणी हातातल्या शॉवरचं बटण तेवढं बंद केलं, की थेट लाइनचं जास्त दाबाचं पाणी मिक्सरमधून उलटं गिझरमध्ये शिरतं आणि तिथून लॉफ्टच्या टाकीत चढतं. मिक्सर नीट बंद करून पाहा. धार थांबली तर बॉलकॉकला हातही लावू नका. गिझरच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लागेल, आणि ते काम प्लंबरचं.

पाणी चालू असताना गोळा पाहा

लोक सवडीने, दुपारी, पाणी बंद असताना टाकीत पाहतात. त्या वेळी गोळ्यावर कसलाच दाब नसतो, त्यामुळे अर्धाअधिक पाण्याने भरलेला गोळाही डोकं वर काढून बसलेला दिसतो. धार लागलेली असतानाच स्टुलावर चढा, टॉर्च मारा. स्टूल धरायला खाली कोणीतरी उभं राहू द्या.

चांगला गोळा पाणी अडवतो तेव्हा तिसरा हिस्सा ते निम्मा पाण्याखाली असतो. गोळा पूर्ण पाण्याखाली गेला असेल आणि तरीही नळीतून पाणी येत असेल, तर त्याचा जोर संपलेला आहे.

मग गोळ्याखाली दोन बोटं घालून हलकेच वर उचला. या सगळ्या पोस्टमधून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बोटांच्या एवढ्याशा टेकूने पाणी चट् बंद झालं तर वॉशर आणि सीट (वॉशर ज्या भोकाच्या कडेवर टेकतो ती) ठीक आहेत, कमी पडतोय तो गोळा किंवा दांडी. चांगला जोर लावूनही थेंब सुरूच राहिले तर दोष आत, वॉशरमध्ये. धसमुसळेपणा नको, दांडी वाकते. ही एक परीक्षा आधी केली असती तर निम्म्या घरांत वॉशरचे पैसे वाचले असते.

दांडी, नट आणि पातळी

दांडी टाकीच्या भिंतीला, झाकणाच्या कडेला किंवा दुसऱ्या पाइपाला घासते का? हाताने वरखाली करून पाहा, सहज हलली पाहिजे. गोळा दांडीवर ज्या आट्यांवर बसतो ते सैल झालेले असतात, तेही बघा. दांडी अर्ध्यावर अडकत असेल तर टाकी भरतच नाही ही उलटी तक्रारही येते. त्याचं उत्तर इथेच मिळतं.

पाणी ज्या उंचीला अडायला हवं ती ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडापेक्षा तीन-चार सेंटिमीटर तरी खाली पाहिजे. बॉलकॉक नवीन बसवताना हे अंतर हमखास खातात. गोळा बिचारा आणखी थोडा बुडला असता तर बंद करणार असतो, पण त्याआधीच पाणी बाहेर पडायला लागतं. पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून गोळ्याकडचं टोक किंचित खाली वाकवा, म्हणजे पातळी खाली येते. प्लास्टिकच्या दांडीला बहुधा स्क्रू असतो, ती वाकवायला जाऊ नका.

गोळा काढून वजन करा

पाणी बंद करा, गोळा दांडीवरून फिरवून काढा आणि कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं की निदान झालं. पण गोळ्यात थोडंच पाणी असेल तर ते ऐकू येत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. काटा नसेल तर बादलीत सोडा. ८० ग्रॅमचा १० सेंटिमीटरचा गोळा पाण्यात जेमतेम अडीच सेंटिमीटर बुडायला हवा. निम्मा बुडला म्हणजे तो २६० ग्रॅमचा झालाय. विहिरीत सोडलेली घागर तोंडातून थोडं थोडं पाणी घेत डुलत राहते आणि शेवटपर्यंत वाटतं की ती वरच आहे, तसं या गोळ्याचं चालतं.

नेरुळच्या एका घरात मी असा गोळा काट्यावर ठेवला, तो ३८० ग्रॅमच्या आसपास भरला. जोडाची रेघ बघून कापला तर आत तांबूस, गंजकट पाणी. बाहेरून एकही चीर दिसत नव्हती.

दिसत नाही, मग पाणी शिरतं कसं? लोक म्हणतात, काका, भोक असतं तर एका दिवसात बुडला असता. केसाएवढ्या फटीतून एका दिवसात काहीच होत नाही. दिवसा उकाड्याने गोळ्यातली हवा फुगते आणि थोडी फटीतून बाहेर पडते. पहाटे पाणी गार झालं की उरलेली हवा आकसते, आत दाब कमी होतो आणि गोळा त्याच फटीतून पाणी ओढून घेतो. रोज थोडं थोडं. गच्चीवरच्या उन्हातल्या टाकीत हे लवकर घडतं, लॉफ्टवर सावकाश. म्हणूनच वॉशर बदलल्यावर काही दिवस बरं वाटतं: नव्या मऊ वॉशरला कमी जोर पुरतो, पण तोवर गोळा आणखी जड होत जातो.

फट शोधायचीच असेल तर गोळा कडक गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, दाबून धरा. आतली हवा फुगून बुडबुड्यांची बारीक रेघ निघते, बहुतेक वेळा दोन अर्धे जोडले आहेत त्या शिवणीवरून. पण शोधून उपयोग कमी. एम-सील थापलेले गोळे मी पुष्कळ पाहिलेत. वजन वाढतं आणि ऊन-थंडीच्या फुगण्या-आकसण्याने लेप सुटतो. नवा गोळा हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. नेताना जुना सोबत न्या, आटे जुळायला हवेत. जाड भिंतीचा, शिवण नीट असलेला घ्या. शक्य असेल तर आत फोम भरलेला घ्या, त्याला चीर गेली तरी पाणी भरायला आत जागाच नसते.

उन्हाळ्यात पाणी हलकं होतं म्हणून गोळा नीट चालत नाही, असं एका गृहस्थांनी मला पटवायचा प्रयत्न केला होता. घनता बदलते हे खरं, पण ४० अंशांच्या पाण्याची घनता ०.९९२ असते, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. ५२० ग्रॅमातले चार ग्रॅम गेले. वाशी पुलाखालच्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात टाकी भरली असती तर उलट दोन-अडीच टक्के जास्तच जोर मिळाला असता. दोन्हींचा तुमच्या ओव्हरफ्लोशी संबंध नाही.

हा त्रास खालच्या मजल्यांवरच का?

एकाच इमारतीत, एकाच कंपनीचे, एकाच वर्षी बसवलेले गोळे. पहिल्या मजल्यावर बोंब आणि सहाव्यावर सगळं शांत. मग पहिल्या मजल्यावरच्यांना वाटतं आपल्यालाच खराब माल मिळाला.

मालात फरक नसतो, फरक दाबात असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. गच्चीवरची टाकी पहिल्या मजल्याच्या लॉफ्टपासून १८ मीटर वर असेल तर तिथे दाब १.८ किलो. बॉलकॉकच्या सीटचं भोक १० मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाणी वॉशरला सुमारे १.४ किलोने ढकलतं. दांडीमुळे गोळ्याला बारापट फायदा मिळतो असं धरा, तरी त्याला ११८ ग्रॅम जोर लागणारच. सहाव्या मजल्यावर टाकी डोक्यावर साडेतीन मीटरवर, तिथे तेवीस ग्रॅमात भागतं.

आता तो ३८० ग्रॅमचा गोळा आठवा. आत ३०० ग्रॅम पाणी, म्हणजे ४०५ मधून ३०० गेले, शिल्लक १०५. सहाव्या मजल्यावर तो अजून कितीतरी महिने बिनतक्रार चालेल. पहिल्या मजल्यावर तेरा ग्रॅम कमी पडले आणि काकूंचे कपडे भिजले.

यावर लोक एक हुशारी करतात. टाकीआधीचा कॉक निम्मा बंद करून ठेवतात, म्हणजे दाब कमी होईल. पाणी वाहत असताना होतोही. पण बॉलकॉक बंद होत आला की प्रवाह थांबतो, आणि थांबलेल्या पाण्यात कॉकच्या अलीकडे-पलीकडे दाब सारखाच होतो. पास्कलचा नियम अर्ध्या बंद कॉकला जुमानत नाही. धार बारीक होते एवढंच, आणि टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो. दाब खरोखर जास्त असेल तर लहान भोकाचा, हाय प्रेशरचा बॉलकॉक घ्या किंवा मोठा गोळा बसवा. व्यास १० वरून १२ सेंटिमीटर केला तर घनफळ ९०० घनसेंटिमीटरच्या वर जातं. टाकीत तेवढी जागा आहे का ते मात्र आधी मोजा.

घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये लाइनवर जागोजागी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, सगळे पीआरव्ही म्हणतात. तिथे एकाच आठवड्यात एकाखाली एक अशा चार-पाच फ्लॅटमधून ओव्हरफ्लोच्या तक्रारी आल्या, तर प्रत्येकाने आपला बॉलकॉक बदलण्यात अर्थ नाही. पीआरव्ही गेलाय. दाब पाच किलोवर गेला की गोळ्याला ३२५ ग्रॅमच्या वर जोर लागतो, मग नवाकोरा गोळाही कसाबसाच टिकतो. सोसायटीच्या ऑफिसला कळवा.

वॉशर आणि सीट

बोटाने उचलूनही पाणी थांबलं नसेल तर इथे या. लाइनचा कॉक बंद, मग दांडीची स्प्लिट पिन काढा, दांडी बाजूला करा, दट्ट्या बाहेर ओढा. त्याच्या टोकाला रबराचा वॉशर असतो. त्यावर गोल वळ पडला असेल तर बदला. पाणीपुरवठ्याच्या शटडाउननंतर येणाऱ्या पहिल्या गढूळ पाण्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज आणि वाळू असते. तो एखादा कण सीटवर बसून राहतो आणि वॉशर टेकू देत नाही. जुन्या टूथब्रशने घासा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर दट्ट्यावर पांढरा खार जमतो आणि तो अडकतो. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की सुटतो. सीटवर नख फिरवा. खाच लागली तर नवा वॉशरही टिकणार नाही, अख्खा बॉलकॉक बदला.

थडथड आवाजाचं कारण वेगळं. पडणाऱ्या धारेने टाकीत लाटा उठतात, गोळा त्यावर नाचतो, वॉशर उघडझाप करतो आणि पाइप हादरतो. लाइन भिंतीला क्लँपने घट्ट करा, आवाज बराच कमी होतो. धार शांत पडावी म्हणून काही जण नळीला पाइप जोडून तो पाण्याखाली नेतात. तसं करू नका. लाइन रिकामी झाली की टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं.

इथे थांबा

लॉफ्टच्या स्लॅबला तडा असेल, सळई दिसत असेल किंवा खालून ओल असेल तर टाकीला हात लावायच्या आधी ती रिकामी करा आणि इंजिनिअरला दाखवा. तीनशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे डोक्यावर तीनशे किलो.

लाइनचा कॉकच फिरत नसेल, जुना जीआय पाइप गंजून पापुद्रे सुटत असतील, तर पाना लावू नका. आटा तुटला तर घरात पाणी आणि इमारतीचं पाणी बंद. मीटरच्या अलीकडची महापालिकेची लाइन तर लायसन्सवाल्या प्लंबरशिवाय कोणी उघडायची नाही.

पंपाला जोडलेला, वायरला लटकणारा फ्लोट हा विजेचा स्विच आहे. त्याच्या आतही पाणी शिरतं, वायर गुंतते, पण ते इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून बघायचं.

आणि तळमजल्याच्या जमिनीखालच्या टाकीत बॉलकॉक बघायला कधीही उतरू नका, अर्धवट रिकामी असली तरी. बंद टाकीत ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो, वॉटरप्रूफिंगच्या रसायनांच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठून राहतात, आणि खाली गेल्यावर आरडाओरड करायलाही वेळ मिळत नाही. एक माणूस पडला म्हणून दुसरा उतरतो, तोही पडतो. हवा तपासायची साधनं, दोरी आणि वर थांबलेली माणसं असतील अशाच लोकांना ते काम द्या.

प्लंबरला फोन करताना तीन गोष्टी सांगा: लाइन अर्धा इंची की पाऊण इंची, गोळा किती सेंटिमीटरचा, आणि पाणी चालू असताना बोटाने गोळा उचलल्यावर धार थांबते की नाही. तो मग गोळा आणायचा की वॉशर हे दुकानातच ठरवेल, आणि तुमचा एक फेरा वाचेल.